व्हॅनिला परफ्यूम लावणारी म्हणजे गोडगोड बाई, असं खरंच वाटतं का लोकांना?

कवडसा:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बालिश वाटेल पण डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारून टाकते. मी गेली बरीच वर्षं एकच परफ्यूम वापरतेय. नाव मुद्दाम देत नाही, कारण मग सगळी चर्चा ब्रँडवर घसरते आणि कुणीतरी येऊन त्याची कॉपी कुठे मिळते ते सांगायला लागतं. तर व्हॅनिला आहे, उबदार, खाली चंदन आणि टोंका बीन, सुरुवातीला काहीतरी संत्र्याच्या सालीसारखं चमकतं आणि पटकन उडून जातं आणि मग जे उरतं ते दिवसभर अंगालगत राहतं. स्कार्फ दुसऱ्या दिवशी उचलला तरी त्यात असतंच. मला तो वास इतका आवडतो की बाटली संपत आली की मला अस्वस्थ व्हायला लागतं.

आता झालंय असं की ऑफिसात मला टीम लीड केलंय. सगळ्यांनी अभिनंदन वगैरे केलं आणि एक मैत्रीण, चांगली मैत्रीण आहे हां, खोचक बोलणारी नाही, ती म्हणाली की आता तरी ते परफ्यूम बदल, ते लावून तू कुणाला झापलंस तरी समोरच्याला लाड केल्यासारखं वाटेल. मी हसले, विषय संपला. पण घरी येऊन बाटलीचं खोकं वाचलं तर त्यावर कोमल, प्रेमळ, हवीहवीशी असं काय काय लिहिलेलं. इतकी वर्षं मी ते कधी वाचलंच नव्हतं. मग नेटवर शोधलं तर परफ्यूमवरून स्वभाव ओळखा टाइपच्या क्विझा निघाल्या, त्या सगळ्यांत व्हॅनिलावाली बाई म्हणजे मायाळू, रोमँटिक, सगळ्यांना सांभाळून घेणारी, घर म्हणजे तिचा जीव की प्राण. अहो मी तशी नाहीये. मी फटकळ आहे, घरी कुणालाही विचारा.

तर मला हे हवंय की लोक वासावरून खरंच असा अंदाज बांधतात का, आणि व्हॅनिला पहिल्यापासूनच असा गोडगोड समजला गेलाय की हे आत्ताचं आहे. आणि समजा सोडायचं नसेल तर याच जातकुळीतलं पण जरा कडक असं काही असतं का. उपदेश चालेल, टोमणे पण चालतील.

खट्याळ_मांजर:
फटकळ बाईने व्हॅनिला लावावा यासारखं दुसरं हत्यार नाही, समोरचा गाफील राहतो आणि मग फाडकन बसते 😄 अजिबात बदलू नकोस. बाकी नाकाडी कुठे आहेस गं, तुझ्या आवडीचा विषय निघालाय आणि तुझा पत्ता नाही.

नाकाडी:
आले आले. लांबण लागणार आहे, आधीच सांगते, कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

कवडसा, तुझा मधला प्रश्न आधी घेते कारण खरी मेख तिथे आहे. व्हॅनिला पहिल्यापासून गोडगरीब? छे गं. १९२५ साली गेर्लँ या फ्रेंच परफ्यूम कंपनीचं शालिमार आलं, शाहजहान-मुमताजची गोष्ट लावून, बागेचं नाव देऊन. त्यात वर बर्गमॉटचा लिंबट झोत आणि खाली व्हॅनिला नुसता ओतलेला, तोही साधा नाही तर एथिल व्हॅनिलिन, जे नेहमीच्या व्हॅनिलिनपेक्षा, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाच्या मुख्य रेणूपेक्षा, तिप्पट-चौपट कडक असतं. आणि त्या व्हॅनिलाच्या संगतीला धूर, चामडं, राळ आणि जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा एक जनावरी वास. म्हणजे आता कल्पना कर. ते सभ्य घरच्या मुलींनी लावायचं परफ्यूम नव्हे अशी त्या काळची दंतकथा आहे, ती खरी किती कोण जाणे, पण मोहात पाडणाऱ्या बाईचं परफ्यूम ही त्याची ख्याती शंभर वर्षं टिकून आहे आणि ती ख्याती ज्या घटकावर उभी आहे तो व्हॅनिलाच. मायाळू, सांभाळून घेणारी वगैरे कुणाच्या मनातही आलं नसेल.

त्याच्या आधी १८८९ मध्ये त्याच घराचं जिकी होतं, लव्हेंडर, कुमारिन (सुक्या गवतासारखा गोडसर वास) आणि व्हॅनिलिन. ते बायकांपेक्षा पुरुषांनीच जास्त उचललं असं म्हणतात. शालिमार कसं सुचलं तर जिकीच्या बाटलीत एथिल व्हॅनिलिन ओतून बघितलं आणि झालं, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, गोष्ट म्हणून झकास आहे.

मग हा गोडपणा आला कुठून? माझ्या मते १९९२ पासून. तेव्हा म्युग्लरचं एंजल आलं, त्यात एथिल माल्टॉल भरपूर, म्हणजे जळत्या साखरेचा, जत्रेतल्या कापसासारख्या मिठाईचा वास, आणि खाली मातकट पॅचुली. ते स्वतः काही बापुडं परफ्यूम नाही, उलट दांडगट आहे. पण त्याच्यामागून खाण्याच्या वासांची जी लाट आली, ज्याला गुर्मां म्हणतात, त्यात पॅचुलीचा दांडगटपणा गळून गेला आणि साखर तेवढी उरली. ती उतरत उतरत शाळकरी मुलींच्या बॉडी स्प्रेपर्यंत पोचली. तुझ्या मैत्रिणीच्या नाकात जो व्हॅनिला बसलाय तो बहुतेक तिथला.

आता दुसरं. व्हॅनिला हा एक वास नाहीच. झाडावरच्या हिरव्या शेंगेला जवळजवळ काहीच वास नसतो. ती एका ऑर्किडची वेल, मूळची मेक्सिकोकडची, फूल एकदाच उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं, आणि मेक्सिकोच्या बाहेर त्याला फळच धरेना. १८४१ साली रीयुनियन बेटावर एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने परागीकरण करायची युक्ती काढली, आजही हातानेच तसंच करतात, फूल न् फूल. मग शेंगा काढायच्या, गरम पाण्यात बुडवायच्या, ब्लँकेटात गुंडाळून त्यांना घाम आणायचा, उन्हात टाकायच्या, परत गुंडाळायच्या, परत उन्हात, आणि मग महिनोन् महिने पेटीत मुरवायच्या. ह्या सगळ्यातून ती शेंग काळी, तेलकट, सुरकुतलेली होते आणि तेव्हा कुठे वास सुटतो. अशी शेंग कधी मिळाली तर नाकाशी धर. गोड कमी आणि लाकूड, चामडं, सुकं फळ, धूर, दारूच्या पिंपाचा कोंदट वास असं काय काय जास्त. व्हॅनिलिन त्यात जेमतेम दोन टक्के, बाकी शंभर-दोनशे रेणू किरकोळ प्रमाणात आणि सगळी मजा त्यांची.

आणि नुसतं व्हॅनिलिन, जे टीमान आणि हार्मान यांनी १८७४ मध्ये पाइनच्या झाडातल्या कोनिफेरिनपासून बनवलं, ते पांढरी भुकटी, सरळ गोड, पावडरी, कोपरे नसलेलं. ते वाईट असं नाही, तेच नसतं तर आजचं निम्मं परफ्यूम दुकान रिकामं असतं. पण शेंगेतला व्हॅनिला आणि भुकटीतला व्हॅनिला यांचे स्वभाव विचारशील तर ती दोन वेगळी माणसं आहेत. त्यामुळे व्हॅनिला लावणारी बाई कशी असते हा प्रश्नच अर्धा आहे, कुठला व्हॅनिला आणि त्याच्या शेजारी कोण बसलंय हे आधी बघावं लागतं.

तर्कटराव:
नाकाडी यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे माहितीपूर्ण. पण माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे, की ह्या स्वभाव ओळखा प्रकरणात अर्थच नाही.

१९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याचा म्हणून निकाल दिला. निकाल किती जुळतो ते ५ पैकी गुण देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. आणि निकाल सगळ्यांना एकच दिलेला होता, भविष्याच्या पुस्तकातनं उचललेली वाक्यं जोडून. तुमच्या परफ्यूमच्या खोक्यावर काय लिहिलंय? कोमल पण खंबीर, प्रेमळ पण स्वतंत्र, असंच ना? ते कुणाला लागू पडत नाही सांगा. माझ्या सासऱ्यांनाही लागू पडेल.

दुसरी गोष्ट. २०२२ मध्ये एक अभ्यास आला होता, नऊ वेगवेगळ्या समाजांतले २२५ लोक, शिकार करून राहणाऱ्यांपासून शहरी लोकांपर्यंत, त्यांना दहा वास देऊन आवडीप्रमाणे लावायला सांगितले. सगळ्यात वर काय आलं तर व्हॅनिलिन. सगळ्यात खाली आयसोव्हॅलेरिक ॲसिड, म्हणजे घामट पायांचा वास. आणि आवडीनिवडीतल्या फरकात संस्कृतीचा वाटा फक्त ६ टक्के निघाला, रेणूचा स्वतःचा ४१ आणि बाकी ५४ ज्याची त्याची वैयक्तिक आवड. (बेरीज १०१ होते ती राउंडिंगमुळे, त्यावरून मला धरू नका.)

आता बघा, जो वास सरसकट सगळ्यांनाच बरा वाटतो तो आवडण्यावरून माणसाचा स्वभाव कसा कळणार? तुम्हाला व्हॅनिला आवडतो यातून तुमच्याबद्दल इतकंच कळतं की तुम्हाला नाक आहे.

खट्याळ_मांजर:
तर्कटराव तुम्ही कुठल्याही धाग्यावर टक्केवारी घेऊन कसे काय येता 😂 सासऱ्यांचं मात्र आवडलं.

खातेवही:
कवडसा, तुझ्या मैत्रिणीला माझ्याकडे पाठव.

मी ऑडिटमध्ये आहे, निवृत्तीला आता फार उरलेलं नाही. नोकरीला लागले तेव्हापासून व्हॅनिलाच. तोही अगदी गडद, गोड, राळेचा, हल्लीच्या हलक्या हलक्या परफ्यूमसारखा नाही, लिफ्टचं दार उघडलं की आधी वास बाहेर पडतो आणि मग मी. एका ठिकाणी बऱ्याच नंतर कळलं की तिथल्या पोरांनी त्या वासाला तपासणी असं नाव ठेवलं होतं. तपासणी आली रे, असं कुणीतरी म्हणायचं आणि कपाटं पटापट बंद व्हायची. त्यातला एक मुलगा पुढे ओळखीचा झाला, त्याने सांगितलं की बायकोने तसल्याच वासाचं लोशन आणलं तर त्याच्या पोटात गोळा आला आणि तिला कारणही सांगता येईना.

तर्कटराव म्हणतात ते खोक्याच्या मजकुरापुरतं शंभर टक्के खरं. पण वासावरून कुणी काही ठरवतच नाही असं नाही हो. ठरवतात, फक्त ते वासातून येत नाही, वासाबरोबर जो माणूस पाहिला त्याच्यातून येतं. पहिल्यांदा भेटलेली व्हॅनिलावाली मावशी लाड करणारी असेल तर तो वास लाडाचा. माझ्या ऑफिसात तो वास व्हाउचर शोधायचा. तू सहा महिने नीट काम कर, चुकलेल्याला तोंडावर सांग, तुझी टीम तो वास आला की सरळ बसेल.

नाकाडी:
खातेवही ताई, तपासणी हे नाव मी माझ्या पुढच्या बाटलीला ठेवणार आहे.

तुम्ही म्हणता त्याला आधार पण आहे. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाकडे जवळजवळ थेट जातो, बाकीच्या इंद्रियांसारखा मधल्या टपालघरातून फिरत नाही. आणि जर्मनीतला एक गमतीचा अभ्यास आहे १९९९ चा. तिकडे एकेकाळी बाटलीच्या दुधात व्हॅनिलिन घालायचे. तर मोठ्या माणसांना दोन प्रकारचं केचप चाखायला दिलं, एक साधं आणि एकात किंचित व्हॅनिलिन. तान्हेपणी बाटलीवर वाढलेल्यांना बहुतकरून व्हॅनिलिनवालं आवडलं आणि आईच्या दुधावर वाढलेल्यांना साधं. केचपमध्ये! म्हणजे व्हॅनिलाची ऊब म्हणतो ती कुठून कुठून आलेली असू शकते बघा, पार पाळण्यातून. आणि त्याचा बाटली विकणाऱ्याने केलेल्या स्वभाववर्णनाशी काडीचा संबंध नाही.

उभा_आडवा:
एक पुरुष आयडी म्हणून बोलू का?

मी व्हॅनिला लावतो. गेर्लँचंच आबी रूझ १९६५ पासून पुरुषांचं म्हणून विकलं जातंय, त्यात खाली चांगला पावडरी व्हॅनिला आहे. जाँ पॉल गोतिएचं ल माल, १९९५ चं, फ्रान्सिस कुर्कजियानने वयाच्या पंचविशीत बनवलेलं, त्यात पुदिना, लव्हेंडर आणि खाली व्हॅनिलाच व्हॅनिला. टॉम फोर्डचं टोबॅको व्हॅनिल २००७ चं, ते तर कुणीही लावतं. आता ह्या बाटल्यांच्या जाहिराती बघा, रांगडा, बेधडक, रहस्यमय, रात्रीचा राजा असलं काहीतरी. तोच रेणू हो! बाईने लावला की कोमल आणि बाप्याने लावला की बेधडक. मला ऑफिसात आजवर कुणी म्हणालेलं नाही की परफ्यूम बदल, तुझा राग खरा वाटत नाही. माझा राग तसाही खरा वाटत नाही ती गोष्ट वेगळी.

त्यामुळे मला वाटतं हा प्रश्न व्हॅनिलाचा नाहीच आहे. उद्या हिने वाळ्याचं कडक परफ्यूम लावलं तर म्हणतील फारच कोरडी झाली हल्ली, पद मिळाल्यावर बदलली.

सरळसोट:
सगळे मिळून तिला झाडावर चढवताय म्हणून मी विरुद्ध बाजू मांडते.

मैत्रीण स्वभावाबद्दल बोलली असेल, पण मला शंका आहे की तिला म्हणायचं होतं डोस जास्त होतोय, आणि ते तोंडावर सांगवेना म्हणून असं सांगितलं. व्हॅनिला जड असतो, लवकर उडत नाही, संत्रंबिंत्रं जातं निघून पण हा कालचा शर्टावरचा, आजचा मानेवरचा असा थरावर थर बसत जातो. आणि रोज तेच परफ्यूम असलं की स्वतःचं नाक त्याला सरावतं, स्वतःला कमी येतो म्हणून माणूस आणखी दोन फवारे मारतो. शेजारच्याचं नाक काही सरावलेलं नसतं. बंद खोली, एसी, दोन तासांची मीटिंग, आणि त्यात हा गोड घमघमाट. मला मायग्रेन आहे, माझ्या डाव्या डोळ्यामागे असला वास सरळ खिळ्यासारखा शिरतो. अशा वेळी समोरची व्यक्ती मायाळू आहे की फटकळ याचा मी विचार करत नसते, दार कुठे आहे ते बघत असते.

आणि उभा_आडवा, तुमचा मुद्दा न्यायाचा आहे, मान्य. पण नवीन लोकांना, क्लायंटला वगैरे पहिल्यांदा भेटताना माणूस काहीतरी आडाखा बांधतोच, कपड्यांवरून बांधतो तसा वासावरून. खातेवही ताईंना नाव कमवायला वर्षं मिळाली. हिला सोमवारी सकाळी जायचंय.

कवडसा, किती मारतेस ते सांग आधी.

कवडसा:
बापरे, केवढे प्रतिसाद. सगळ्यांना एकदम उत्तर देते.

तपासणी वाचून मी बसमध्ये एकटी हसत होते. तर्कटराव, खोक्यावर खरंच कोमल पण खंबीर असंच आहे, तुम्ही बघितलंय का ते.

सरळसोट, दोन मनगटं, मान, आणि एक केसांवर. स्कार्फवर वेगळं मारत नाही पण मानेचं त्याला लागतंच. तुझं वाचून भावाला विचारलं की मी आले की वास येतो का, तर म्हणाला येतो की, पण मला तो परफ्यूमचा वाटतच नाही, तुझाच वाटतो. आता हे चांगलं की वाईट कळेना. मैत्रिणीलाही सरळ विचारलं की डोस जास्त आहे का, तर म्हणाली नाही गं, मला आवडतो तो वास, म्हणूनच म्हटलं, त्या वासाच्या माणसाला कुणी घाबरणार कसं. म्हणजे तिला ती मावशीवाली केस आहे असं दिसतंय.

मला परफ्यूम सोडायचं नाहीये हे मात्र वाचता वाचता पक्कं झालं. पण नवीन लोकांसमोर जायचं असेल त्या दिवसासाठी कडक जातीचं काहीतरी बघायला हरकत नाही. नाकाडी, शेजारी कोण बसलंय ते बघ म्हणालीस, ते जरा उलगडून सांग ना. आणि त्यात खुर्च्या कुणाला द्यायच्या नाहीत ते पण.

नाकाडी:
सांगते. घटकांची यादी वाचताना व्हॅनिला शब्द दिसला की थांबू नकोस, आजूबाजूचं वाच. कॅरमल, प्रालीन, मार्शमेलो, लाल फळं, पेअर असलं काही दिसलं तर ते गोड वळणावर जाणार, चांगलं असेल पण तुला आत्ता नकोय. त्याउलट धूप, राळ, लॅबडॅनम (एका झुडपाचा राळेसारखा चीक), तंबाखू, चामडं, सीडर, वाळा, मिरी, वेलदोडा, आयरिस यातलं काही असेल तर व्हॅनिला तोच राहतो पण त्याला कणा येतो. विशेषतः वाळा. वाळा मातकट, कडवट, किंचित धुरकट आणि तो व्हॅनिलाची साखर अशी कापतो की काही विचारू नकोस. धूप आणि मिरीवालं हवं असेल तर दिप्तिकचं ओ द्युएल आहे २०१० चं, कोरडं, कागदी, पातळ अंगाचं. दारूच्या पिंपाकडे झुकणारं हवं तर गेर्लँचं स्पिरितुएझ दुब्ल व्हॅनिल, २००७ चं, पण ते ऑफिसात मी तरी लावणार नाही, संध्याकाळचं आहे ते. लव्हेंडरबरोबर हवं तर बर्बेरीचं गॉडेस, २०२३ चं, त्यात लव्हेंडर व्हॅनिलाला स्वच्छ करतं, इस्त्री केलेल्या शर्टासारखं. ते टोकाचं कडक नाही, पण मीटिंगला कुणी नाव ठेवणार नाही.

नवीन बाटली न घेता करायचं असेल तर आहे त्या परफ्यूमखाली वाळ्याचं किंवा सीडरचं साधं काहीतरी आधी लाव, ते अंगात मुरू दे, मग वरून तुझा व्हॅनिला एकच फवारा. उलट क्रमाने नको, व्हॅनिला वाळ्याला झाकून टाकतो.

टेस्टर घेताना कागदाच्या पट्टीवर निर्णय घेऊ नकोस. पट्टीला ऊब नसते आणि उबेशिवाय व्हॅनिला खुलत नाही. हातावर मारून घे आणि दुकानातून सरळ बाहेर पड. पहिला अर्धा तास जे येतं ते वरवरचं, मिरी-बिरी, लिंबू-बिंबू. दुपारी, चार-पाच तासांनी मनगट हुंगून बघ, तेव्हा जो शिल्लक असेल त्याच्याशी संसार करायचाय. बऱ्याच महागड्या व्हॅनिलांचं तिथे पितळ उघडं पडतं, वर धूप-बीप सगळं दाखवायला आणि खाली तीच भुकटी. एका वेळी दोनाहून जास्त वास घेऊ नकोस, पुढे नाक काम करत नाही. कॉफीच्या बिया हुंगून नाक साफ होतं असं दुकानात सांगतात, त्यापेक्षा आपल्याच कोपराच्या आतला भाग हुंगावा, तो वास नाकाला रोजचा असतो.

डोसबद्दल सरळसोटचं बरोबर आहे. केसांवरचा बंद कर, मान हलली की तोच पसरतो. शर्टाच्या आत, छातीच्या मध्यभागी एकच फवारा मार, अंगाच्या उबेने हळूहळू वर येत राहतो आणि हात मिळवणाऱ्यापर्यंत पोचतो, टेबलापलीकडच्यापर्यंत नाही.

सरळसोट:
+१, छातीवरच्या एका फवाऱ्याला माझ्या मायग्रेनची हरकत नाही.

तर्कटराव:
कोपराचा आतला भाग हुंगणे हे आमच्या ऑफिसात केलं तर माझ्या स्वभावाबद्दल लोक नक्कीच अंदाज बांधतील.

खट्याळ_मांजर:
नाकाडी, माझा एक भोचक प्रश्न राहिला. माझ्याकडे एक व्हॅनिलाची बाटली आहे, घेतली तेव्हा फिकट पिवळी होती आणि आता पार गडद तपकिरी झालीये. खराब झाली का? फेकू?

नाकाडी:
थांब, फेकू नकोस. व्हॅनिलिन काळानुसार रंग धरतंच, हवा आणि उजेड लागला की आणखी भराभर, आणि परफ्यूममध्ये काही विशिष्ट पांढऱ्या फुलांचे घटक असतील तर त्यांच्याशी जुळूनही ते तपकिरी होतं. भरपूर व्हॅनिला असलेली बाटली गडद झाली म्हणजे बिघडलीच असं नसतं. हातावर मारून बघ. सुरुवातीला आंबूस किंवा नेलपॉलिशसारखा भपकारा आला आणि तो दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर गेली समज. नुसता वरचा लिंबटपणा कमी झाला असेल आणि खालचा व्हॅनिला ठीक असेल तर खुशाल वापर, उलट कित्येक जण मुद्दाम तशी मुरलेली बाटली शोधत असतात.

फक्त फिकट कपड्यांवर मारू नकोस, पिवळट डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत. कवडसा, हे तुझ्या स्कार्फलाही लागू. आणि बाटली खोक्यातच ठेव, कपाटात. मजकूर कसाही असला तरी खोक्याचा तेवढा उपयोग आहे.